हेडसेट, पडदा की माणूस? समानुभूतीसाठी व्हीआर घ्यावं का

बेघरांचा प्रश्न असो, निर्वासितांचा असो की घरातल्या मारहाणीचा, लोकांच्या मनाला हात घालायचा म्हटलं की हल्ली बैठकीत कुणीतरी व्हीआरचं, म्हणजे व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचं (हेडसेटमधून दिसणाऱ्या आभासी जगाचं) नाव काढतंच. सूचना मोह पाडणारी असते. डोळ्यांवर हेडसेट चढवला की माणूस थेट छावणीत नाहीतर थेट फूटपाथवर. मग भाषणं कशाला आणि पत्रकं कशाला? संस्थेचा, शाळेचा किंवा प्रशिक्षण विभागाचा पैसा या कामी घालायचा की नाही हे ज्यांना ठरवायचं आहे, त्यांच्यासाठी हा आढावा. माझा कल आधीच सांगून टाकतो: परिस्थिती दाखवायला व्हीआरसारखं साधन नाही, पण माणूस समजावून द्यायला ते कच्चं आहे.

तुलना चार पर्यायांची करावी लागते, कारण व्हीआर या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक म्हणजे ३६० अंशांत चित्रित केलेली फिल्म. तिच्यात मान वळवून चहूकडे बघता येतं, पण जागचं हलता येत नाही आणि आतलं कुणी आपल्याला ओळख देत नाही. दुसरी वस्तू म्हणजे संगणकावर उभं केलेलं जग. तिथे चालता येतं, वस्तू उचलता येतात, आणि कधी कधी खाली मान घातली तर हातपाय भलत्याच कुणाचे दिसतात. या दोन्हींसमोर उभी आहेत जुनी साधनं: साधी फिल्म, छापील कहाणी, 'तुम्ही त्या जागी आहात अशी कल्पना करा' हा सराव. आणि चौथा पर्याय, जो अशा बैठकीत कुणाच्या लक्षात राहत नाही: त्या प्रश्नातून गेलेल्या माणसाशी समोरासमोर बोलणं.

३६० अंशांची फिल्म

या सगळ्या लाटेची सुरुवात बरीचशी २०१५ साली झाली. जॉर्डनमधल्या झातारी छावणीत राहणाऱ्या एका १२ वर्षांच्या सीरियन मुलीवर क्रिस मिल्क आणि गॅबो अरोरा या चित्रपटकारांनी संयुक्त राष्ट्रांसाठी साडेआठ मिनिटांची फिल्म केली आणि ती त्या वर्षीच्या जानेवारीत दाव्होसच्या जागतिक आर्थिक परिषदेत दाखवली गेली. म्हणजे ज्यांच्या सहीनं पैसा हलतो, त्यांच्याच डोक्यावर हेडसेट चढले. मार्चमध्ये मिल्क यांनी टेड या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून व्हीआरला समानुभूतीचं सर्वोत्तम यंत्र ठरवलं, आणि तेव्हापासून हे बिरुद प्रत्येक विक्रेत्याच्या सादरीकरणात पहिल्या पानावर असतं.

फिल्मचा परिणाम होतो, यात वाद नाही. युनिसेफनं ती रस्त्यावरच्या निधी संकलनात वापरली, तेव्हा पाहणाऱ्या सहांपैकी एकानं देणगी दिली आणि हे प्रमाण नेहमीच्या दुप्पट होतं, असं संयुक्त राष्ट्रांकडून सांगितलं गेलं. पण हा आकडा वाचताना थोडं थांबावं. तेव्हा बहुतेकांनी आयुष्यात पहिल्यांदाच हेडसेट लावला होता. नवलाईचा त्यात वाटा किती आणि गोष्टीचा किती, हे त्या आकड्यातून कळत नाही. ज्याच्या घरी खेळण्यासाठी हेडसेट आहे, त्याला छावणीत नेऊन उभं केलं तर तो इतका हलेलच असं नाही.

तरीही पहिल्यांदा व्हीआर वापरणाऱ्या संस्थेला मी यापासूनच सुरुवात करायला सांगेन. खरी जागा, खरी माणसं, त्यांचा स्वतःचा आवाज. आणि आपण कोण आहोत याबद्दल फिल्म खोटं बोलत नाही. आपण पाहुणे असतो, पाहुण्यासारखं बघतो. छावणी किती मोठी आहे, दोन तंबूंमधलं अंतर किती कमी आहे, हे सपाट पडद्यावर जाणवत नाही. कॅमेरा माणसाच्या उंचीवर ठेवला की पोरं अंगाला खेटून धावत जातात आणि आपण नकळत बाजूला सरतो.

शरीर बदलणारं व्हीआर

इथे विषय जास्त रंगतो आणि जास्त धोक्याचाही होतो.

बार्सिलोनात संशोधक मेल स्लेटर यांच्या गटानं बरीच वर्षं एक युक्ती वापरून प्रयोग केले. हेडसेटमध्ये समोर आरसा असतो. आपण हात हलवला की आरशातलं शरीरही त्याच क्षणी हात हलवतं. फक्त ते शरीर दुसऱ्या वर्णाचं, दुसऱ्या लिंगाचं किंवा दुसऱ्या वयाचं असतं. काही मिनिटांत मेंदू ते आपलं म्हणून मान्य करू लागतो. २०१३ साली या गटानं दाखवलं, की कृष्णवर्णीय शरीरात थोडा वेळ काढलेल्या गोऱ्या सहभागींचा सुप्त वर्णपूर्वग्रह मोजणीत कमी झाला. २०१६ च्या पुढच्या प्रयोगात तो परिणाम आठवडाभरानंतरही टिकला होता.

विक्रेता इथवर सांगतो आणि थांबतो. पण २००९ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात नेमकं उलट घडलं होतं. तिथे सहभागींना कृष्णवर्णीय अवतार (आभासी जगातलं शरीर) देऊन नोकरीच्या मुलाखतीला बसवलं, तर पूर्वग्रह वाढलेला आढळला. तंत्र जवळपास तेच, तरी निकाल वेगळा का? मुलाखत म्हटली की आपल्याला जोखलं जातंय ही भावना आली, आणि तिच्यासोबत मनातले जुने ठोकळेबाज समजही जागे झाले असावेत. स्लेटर यांच्या गटानंही २०२० मध्ये मान्य केलं, की शरीर बदलण्याचा परिणाम भोवतीचा प्रसंग कसा आहे यावर ठरतो. आता सामाजिक प्रश्नावरचा अनुभव बनवणारी मंडळी कोणता प्रसंग निवडतात? अपमानाचा, हाकलून देण्याचा, पोलिसांनी अडवण्याचा. म्हणजे जिथे काळजी सर्वांत जास्त घ्यायला हवी, नेमका तोच.

याच गटाचा एक प्रयोग मात्र मला महत्त्वाचा वाटतो. घरगुती हिंसेच्या गुन्ह्यातल्या पुरुषांना त्यांनी व्हीआरमध्ये बाईच्या शरीरात ठेवलं आणि समोर एक पुरुष त्या बाईवर आवाज चढवत, वस्तू फेकत अंगावर येतो असा प्रसंग उभा केला. या पुरुषांना बायकांच्या चेहऱ्यावरची भीती नीट ओळखता येत नव्हती. भ्यालेला चेहरा त्यांना आनंदी वाटण्याकडे कल होता. अनुभवानंतर ही ओळख सुधारली. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. यात मोजलं काय ते पाहा. 'तुम्हाला कसं वाटलं' असं न विचारता, एक ठराविक गोष्ट आधी जमत नव्हती आणि नंतर जमते का, ते तपासलं. प्रसंग एक, उणीव एक, मोजमाप एक. तुमच्यासमोर येणाऱ्या प्रस्तावात इतका नेमकेपणा असेल तर तो पुढे वाचावा.

बेघर होण्याचा अनुभव, जरा जवळून

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेरेमी बेलेन्सन यांच्या प्रयोगशाळेनं केलेला बेघरपणाचा अनुभव हे या क्षेत्रातलं सर्वांत जास्त अभ्यासलेलं उदाहरण. सुरुवात राहत्या घरात होते. नोकरी गेलेली, भाडं थकलेलं, आणि घरातली कोणती वस्तू विकायची ते तुम्हाला ठरवायचं आहे. एकेक वस्तू निवडत जायची, तरी पैसे पुरत नाहीत. पुढचा मुक्काम गाडीत, जिथे पोलीस येऊन काचेवर टकटक करतो. शेवटी रात्रीची बस. उबेला बसलेले प्रवासी, तुमची पिशवी कुणीतरी ओढेल म्हणून तिच्यावर नजर, आणि शेजारच्यांपैकी एखाद्यावर हात ठेवला की तो इथवर कसा आला ते सांगतो.

या रचनेतली हुशारी अशी, की अनुभव तुम्हाला दुसरं कुणी बनवत नाही. तुम्ही तुम्हीच राहता, पायाखालची जमीन तेवढी सरकते. बेघर झालेला माणूस आळशी किंवा व्यसनी असणार, हा समज मोडण्यासाठी त्याच्या 'आत' शिरायची गरजच नाही. एकामागून एक पर्याय कसे संपत जातात एवढं दिसलं तरी पुरतं.

२०१८ साली आलेल्या त्यांच्या अभ्यासात ५६० हून अधिक लोक होते, वयं १५ ते ८८. काहींनी व्हीआर घेतला, तर काहींनी तीच गोष्ट कागदावर वाचून स्वतःला त्या जागी कल्पिलं. परवडणाऱ्या घरांसाठीच्या निवेदनावर सही कोण करतं हे नंतर पाहिलं. एका भागात व्हीआरवाल्यांपैकी ८२ टक्क्यांनी आणि वाचणाऱ्यांपैकी ६७ टक्क्यांनी सही केली. दुसऱ्या भागात हेच प्रमाण ८५ आणि ६३ टक्के होतं, तर तोच अनुभव साध्या संगणकाच्या पडद्यावर घेणाऱ्यांत ६६ टक्के. आठ आठवड्यांपर्यंत विचारपूस केली, तेव्हा बेघरांबद्दलचा दृष्टिकोन व्हीआरवाल्यांचा अधिक चांगला टिकून होता.

व्हीआरच्या बाजूचा हा सर्वांत भक्कम पुरावा, आणि तो भक्कम आहेच. पण कागद वाचून सही करणारेही शंभरात साठाच्या वर होते, हे निर्णय घेताना विसरू नये. हेडसेटनं जो फरक पडला तो साधारण १५ ते २२ टक्क्यांचा. तुमच्या कामात तेवढ्या फरकाची किंमत काय, हा खरा हिशोब. एखाद्या मतदानाच्या आधी शहरातल्या पन्नास नगरसेवकांना हलवायचं असेल तर ती किंमत मोठी असेल. हजार विद्यार्थ्यांना विषयाची ओळख करून द्यायची असेल तर कागद स्वस्तात बरंच काम करून जातो.

जुनी साधनं इतकी वाईट आहेत का?

२०२१ मध्ये ४३ अभ्यास एकत्र करून केलेलं एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्याच्या लेखिकांपैकी एक जण वरच्या स्टॅनफर्डच्या अभ्यासातलीच होती, त्यामुळे त्याला व्हीआरविरोधी म्हणायची सोय नाही. निष्कर्ष दोन. व्हीआरमुळे दुसऱ्याबद्दल आतून जाणवणं वाढतं, पोटात कालवतं. पण दुसरा कसा विचार करतो ते समजून घेण्याची क्षमता त्यानं वाढत नाही. आणि जे वाढतं तेही वाचन किंवा कल्पना करणं यांसारख्या साध्या उपायांपेक्षा सरस ठरलेलं नाही.

पहिल्या निष्कर्षाचं कारण मला पटण्यासारखं वाटतं. हेडसेट सगळं तयार करून देतो: आवाज, प्रकाश, भिंती, गर्दी. पाहणाऱ्याच्या कल्पनेला काम उरत नाही. दुसऱ्याचं मन समजून घेणं हे मात्र कष्टाचं काम आहे, ते सरावानंच जमतं. वाचताना वाक्यागणिक तो सराव होतो.

इथे आणखी एक जुना धडा कामाचा आहे. समाजमानसशास्त्रज्ञ डॅनियल बॅट्सन यांनी १९९७ मध्ये दाखवलं, की 'त्याला कसं वाटत असेल' अशी कल्पना आणि 'त्याच्या जागी मला कसं वाटेल' अशी कल्पना, यांतून वेगवेगळ्या भावना निघतात. पहिलीतून त्याच्याबद्दल कळवळा येतो. दुसरीतून कळवळ्याच्या जोडीला स्वतःची घालमेलही वाढते, आणि घालमेल झालेला माणूस आधी स्वतःला सावरायला बघतो. शरीर बदलणारं व्हीआर बहुतेक वेळा हाच दुसरा रस्ता धरतं. रडत बाहेर येणारा माणूस कुणासाठी रडतोय, हे विचारायला हवं.

अपंगत्वाचं सोंग: हे टाळाच

इथे मी तोल सांभाळत बसणार नाही. डोळ्यांसमोर अंधार करून 'आंधळेपणा अनुभवा', चाकाच्या खुर्चीत बसवून 'अपंगत्व अनुभवा' असले कार्यक्रम व्हीआरच्या कितीतरी आधीपासून चालत आले आहेत, आणि त्यांचे परिणाम तपासले गेले आहेत. पट्टी बांधून काही मिनिटं चाचपडलेल्या लोकांना नंतर अंध माणसं कमी सक्षम वाटू लागली, एकट्यानं राहायला किंवा नोकरी करायला असमर्थ वाटली. २०१७ च्या आणखी एका अभ्यासात अशा सोंगांनंतर लोकांना स्वतःच असहाय आणि गोंधळलेलं वाटलं. अपंग लोकांशी मिसळण्याची तयारी काही वाढली नाही. सरळ आहे: पट्टी बांधल्यावर अनुभव मिळतो तो दृष्टी गेल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांचा. वीस वर्षं त्या जगात वावरलेल्या माणसाची सफाई, काठीची भाषा, आवाजावरून खोली ओळखणं, यातलं काहीच मिळत नाही. हीच चूक हेडसेटमध्ये केली तर ती फक्त महागडी होते.

वेगळं करता येतं, याचंही उदाहरण आहे. ऐंशीच्या दशकात दृष्टी पूर्ण गेलेले प्राध्यापक जॉन हल यांनी कॅसेटवर रोजनिशी नोंदवून ठेवली होती. तिच्यावरून २०१६ मध्ये एक व्हीआर अनुभव तयार झाला. त्यात हल बागेतल्या बाकावर बसून काय ऐकू येतं ते सांगत जातात, आणि पावलं वाजली, पक्षी फडफडला की काळोखात तेवढीच आकृती निळसर उजळते. चाचपडणं नाही, धडपडणं नाही. त्यांनी ज्या जगाची घडी बसवली, ते जग त्यांच्याच तोंडून आपण ऐकतो.

आणि समोरासमोर बसलेला माणूस

मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलं, की योग्य परिस्थितीत दोन गटांतल्या लोकांची गाठ पडली, तर पूर्वग्रह कमी होतात. २००६ पर्यंत या कल्पनेवर ५१५ अभ्यास गोळा करून तपासण्याइतका पुरावा साठला होता, आणि निष्कर्ष तिच्या बाजूनंच लागला. व्हीआरच्या समर्थकांकडे या घडीला असा ढीग नाही.

२०१६ मध्ये डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ कल्ला या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग तर प्रत्येक प्रकल्प समितीनं वाचावा असा आहे. मायामीत स्वयंसेवक दारोदारी गेले आणि ट्रान्सजेंडर (ट्रान्स) व्यक्तींबद्दल सुमारे दहा मिनिटं बोलले. वाद घातला नाही, आकडे ऐकवले नाहीत. घरातल्या माणसाला एवढंच विचारलं, की तुम्ही वेगळे आहात म्हणून कुणी तुम्हाला कधी कमी लेखलं होतं का? माणसं स्वतःचं काहीतरी सांगू लागली, आणि मग तोच धागा पुढे नेला. पूर्वग्रहात झालेली घट तीन महिन्यांनंतरही टिकून होती. स्वयंसेवक स्वतः ट्रान्स असो वा नसो, फरक पडला. साडेआठ मिनिटांच्या फिल्मइतकाच वेळ, आणि उपकरण शून्य.

याही पर्यायाला बोचरी बाजू आहे. कोपनहेगनमध्ये २००० साली सुरू झालेल्या 'मानवी ग्रंथालया'सारख्या उपक्रमात माणसं स्वतःला 'पुस्तक' म्हणून पुढे करतात आणि अनोळखी वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. तेच दुःख आठवड्याला दहादा सांगणं सोपं नसतं. त्यांना मानधन हवं, नकाराचा हक्क हवा, नंतर बोलायला कुणीतरी हवं. शिवाय काही माणसं समोर येऊच शकत नाहीत: छावणीत अडकलेली, जिवाला धोका असलेली, लहान मुलं. अशा वेळी चित्रित फिल्म हाच माणुसकीचा मार्ग ठरतो.

हाताळणीच्या गोष्टी

तीस जणांचा गट आणि दोन हेडसेट असा साधा हिशोब करा. अनुभव आठ मिनिटांचा असला तरी पट्टा जुळवणं, चष्मा बसवणं, चित्र धूसर दिसत असेल तर भिंगांतलं अंतर सरकवणं, नंतर चेहऱ्याला टेकणारी गादी पुसणं हे धरून माणशी पंधरा मिनिटं जातात. म्हणजे पावणेचार तास. मधे एकदा बॅटरी संपणार, कारण संगणकाला न जोडता चालणारे हेडसेट साधारण दोन तासच चालतात. उरलेले अठ्ठावीस जण तोवर काय करणार, याचं उत्तर नसेल तर तुमच्याकडे कार्यक्रम नाही, नुसती रांग आहे. त्या रांगेतच चर्चेचा गट बसवला तर मात्र हाच वेळ सार्थकी लागतो.

मळमळीचं लोक हसण्यावारी नेतात. डोळे म्हणतात चाललोय, कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो जागच्या जागी आहोत. या भांडणातून गरगरायला लागतं. म्हणून कॅमेरा हलता नको आणि बसायला खुर्ची हवी, तीही फिरती. मुलांसाठी उत्पादकांनी वयाच्या अटी घातलेल्या असतात, त्या शाळेनं आधी वाचाव्यात. आणि हिंसेचा, छळाचा प्रसंग असेल तर आत काय आहे ते आधी सांगणं, मधेच हेडसेट काढायची मोकळीक आणि न घेणाऱ्यासाठी तोच मजकूर साध्या पडद्यावर, एवढं हवंच. तीस जणांत तसा प्रसंग स्वतः भोगलेलं कुणी नसेल असं धरून चालू नये.

ज्यांची गोष्ट आहे त्यांचा वाटा काय, हेही याच पानावर लिहायचं. २०१७ च्या ऑक्टोबरात मार्क झुकरबर्ग यांनी वादळानं उद्ध्वस्त झालेल्या पोर्तो रिकोची व्हीआरमधून 'सैर' केली. पुराच्या पाण्यावर त्यांचा हसरा कार्टून अवतार तरंगत होता, आणि नंतर त्यांना माफी मागावी लागली. त्यांचा हेतू मदतकार्य दाखवण्याचा होता. तंत्र लोकांच्या पुढे उभं राहिलं, लोक मागे पडले.

मग कुणी काय घ्यावं?

देणगी किंवा सही मिळवायची आहे, समोरचा माणूस मोजका वेळ देणार आहे आणि प्रश्न दूरच्या जागेचा आहे: ३६० अंशांची फिल्म घ्या, आणि देणगीचा किंवा सहीचा कागद हेडसेट उतरवल्या उतरवल्या हातात द्या. पोटात कालवलेलं फार काळ टिकत नाही.

रुग्णालय, वृद्धाश्रम, पोलीस, समुपदेशन अशा ठिकाणच्या लोकांना एखादी नेमकी गोष्ट ओळखायला शिकवायची आहे: आरसा आणि बदललेलं शरीर असलेलं व्हीआर तपासून पाहा, पण आधी आणि नंतर मोजणारा माणूस नेमल्याशिवाय नको.

शाळा, महाविद्यालय, सर्वसाधारण जाणीवजागृती: वाचन आणि चर्चा. आवडलं तर एखादी व्हीआर फिल्म भूक वाढवायला ठेवा, मुख्य जेवण म्हणून नको.

एकाच गावात, एकाच इमारतीत राहणाऱ्या दोन गटांत तेढ आहे: हेडसेट विसरा. माणसं शंभर पावलांवर आहेत, त्यांना एकत्र कामाला लावा.

निर्णय तरीही व्हीआरच्या बाजूनं झाला, तर विक्रेत्याला तीन प्रश्न लेखी विचारा. याची तुलना साध्या पडद्याशी केली आहे का? परिणाम दोन महिन्यांनी मोजला आहे का? ज्यांची गोष्ट आहे त्यांपैकी कोण लेखनात होतं, आणि त्यांना किती मिळालं? पहिल्या दोनची उत्तरं थोडी कच्ची असली तर एखादा लहान प्रयोग करून तुम्ही स्वतः ती भरून काढू शकता. तिसऱ्याचं उत्तर टाळलं गेलं, तर तो प्रस्ताव परत पाठवा.